योगाच्या बॅचमधला ओंकार : स्वतः म्हणायचा की स्पीकरवर लावायचा? (बडोदं)

ओट्यावरची

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकते. लांबण लागणारे, सांभाळून घ्या.

मी बडोद्याची, मांजलपूरला राहते, सोसायटीच्या गच्चीवर सकाळी सहाची योगाची बॅच घेते, अकरा वर्षं झाली. पंधरा-सोळा जणं येतात, निम्मे मराठी, निम्मे गुजराती, एक केरळच्या ख्रिश्चन बाई आहेत. सुरुवातीला 'सह नाववतु', मग तीन ओंकार, शेवटी शवासनातून उठलं की परत ओंकार आणि शांतिमंत्र. मी अशीच शिकले म्हणून असंच शिकवत आले.

झालं असं की दिवाळीनंतर बॅचमधल्या एका दादांनी हौसेनं ब्लूटूथ स्पीकर आणला. मागे तानपुरा आणि घुमणाऱ्या आवाजातला ओंकार, एकशे आठ वेळा. सगळ्यांना आवडला, पहिले दोन दिवस मलाही बरं वाटलं. मग लक्षात आलं की म्हणणारं कोणी उरलेलंच नाही, सगळे डोळे मिटून नुसते ऐकतायत, मागच्या रांगेत एकजण मोबाइल बघत होता. मी म्हटलं स्पीकर बंद करूया, तर दोन गट पडले. एक म्हणतो ताई त्यात काय, कंपनं कानातून आत जातातच की. दुसरा म्हणतो ओंकारच काढून टाका, दहा मिनिटं जातात, तेवढ्यात बारा सूर्यनमस्कार होतील, आम्ही वजन उतरवायला येतो. आणि त्या केरळच्या बाई सगळ्यांसमोर काही बोलल्या नाहीत, पण उतरताना जिन्यात हळूच विचारलं, मी नाही म्हटलं तर चालेल ना, घरी आवडत नाही. मला पटकन उत्तर सुचलं नाही आणि तेच लागून राहिलंय. अकरा वर्षं लोकांकडून म्हणवून घेतेय आणि का म्हणायचं हे मला धड सांगता येऊ नये?

माझा स्वतःचा अनुभव सांगते म्हणजे मी का हट्टाला पेटलेय ते कळेल. पंधराएक वर्षांपूर्वी मला रोज रात्री तीनला जाग यायची आणि छातीत नुसती धडधड. ईसीजी झाला, थायरॉइड झालं, सगळं नॉर्मल. तेव्हा आम्ही दांडिया बाजारात जुन्या वाड्यात भाड्यानं राहायचो, तिथे खालच्या मजल्यावर एक आजी होत्या, त्या योगा वगैरे शब्द वापरायच्या नाहीत, 'ओंकार करते' एवढंच म्हणायच्या. त्यांनी मला ओट्यावर समोर बसवलं, माझा उजवा हात माझ्याच छातीवर ठेवला आणि डावा टाळूवर, म्हणजे डोक्यावर जिथे लहान बाळाला तेल घालतो ना तिथे. म्हणाल्या, आता नुसता अ म्हण. अ म्हटल्याबरोबर छातीवरच्या हाताला थरथर लागली. मग उ, तो गळ्यात आला. मग ओठ मिटून म, आणि माझ्या डाव्या तळव्याखाली डोकं आतून गुणगुणायला लागलं, मी दचकून हातच काढला. त्या म्हणाल्या, 'ठेव परत. श्वास आहे ना अजून? संपेपर्यंत म्हण. संपला की गप्प बस. पुढचा ओढून घेऊ नकोस, तो येतो आपला आपण.'

एवढंच शिक्षण. धडधड थांबायला किती दिवस लागले ते आता आठवत नाही, पण तीनला जाग आली तर काय करायचं ते हातात आलं आणि रात्रीची भीती गेली. म्हणून मला वाटतं की स्पीकर नको, स्वतःचा गळा पाहिजे. पण 'मला वाटतं' म्हणून बॅच ऐकणार नाही. अर्थ माहीत असणाऱ्यांनी अर्थ सांगा, शरीराचं कळणाऱ्यांनी शरीराचं सांगा, आणि त्या बाईंना मी काय सांगू तेही सांगा.

खर्जातली

ताई, हात टाळूवर ठेवायचं वाचून अंगावर काटा आला, आमच्या बाईंनी अगदी असंच शिकवलं होतं, गाण्यात. मी सुरसागरच्या काठच्या आपल्या कॉलेजात गाणं शिकले, १८८६ साली गवई मौलाबक्षांना घेऊन सयाजीरावांनी जी गायनशाळा काढली तिचंच आजचं रूप. तिथे पहाटे खर्ज, म्हणजे खालचे सूर, लावताना ओंकारावरच लावायचो.

स्पीकरबद्दल माझं स्पष्ट मत आहे. रेकॉर्डिंगचा सूर कुणा एकाच्या गळ्याचा असतो आणि बाकीचे त्याच्या मागे फरपटतात. बायकांचा सोयीचा सूर वेगळा, पुरुषांचा वेगळा, पासष्टीच्या काकांचा आणखी खाली. त्या ठरलेल्या सुरात बसायला जो तो गळा ताणतो, आवाज बसतो, मग खरंच ऐकत राहणं बरं वाटतं. प्रत्येकाला आपल्या बोलण्याच्या आवाजाच्या जरा खालचा सूर धरायला सांगा, जबडा सैल, म म्हणताना ओठ मिटलेले पण दात एकमेकांना टेकलेले नकोत. दात टेकले की म नाकात अडकतो.

आणि अजून एक, सगळ्यांना एकाच वेळी थांबवू नका. ज्याचा श्वास संपेल त्यानं थांबावं, श्वास घ्यावा, परत मिसळावं. करून बघा दोन दिवस.

वजनकाटा८२

मी त्या सूर्यनमस्कारवाल्या गटातला समजा. तुमच्या बॅचमध्ये नाही पण आमच्याकडे कारेलीबागेत हीच भांडणं. मनापासून विचारतोय, वाद घालायचा नाहीये. मला संस्कृत येत नाही, देवावर श्रद्धा आहे पण रोजची पूजा होत नाही. मला ज्याचा अर्थ कळत नाही ते मी म्हणून उपयोग काय? आणि अर्थ न कळता उपयोग होतच असेल तर 'आ' म्हटलं काय आणि ओम म्हटलं काय? सकाळी माझ्याकडे पन्नास मिनिटं असतात, नऊला ऑफिस, शुगर बॉर्डरवर आहे. दहा मिनिटं माझ्यासाठी खूप आहेत हो.

रावपुऱ्यातला डॉक्टर

वजनकाटा, रास्त प्रश्न आहे. मी शरीरापुरतं सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

आपण निवांत बसलो की मिनिटाला साधारण १२ ते १६ श्वास होतात. ओंकार सात सेकंदांचा धरा, मग तीन सेकंदांत सावकाश श्वास आत, म्हणजे एक फेरा दहा सेकंदांचा, मिनिटाला सहा. ही सहाची गती फार कामाची आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना उतरतात, त्यामागे व्हेगस नावाची नस आहे जी मेंदूकडून निघून हृदयापर्यंत आणि खाली पोटापर्यंत जाते. सोडण्याचा वेळ लांबला की तिचं शांत करण्याचं काम जास्त वेळ चालतं. शिवाय मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्यांत रक्तदाब ओळखून ठोके कमी-जास्त करवणारी यंत्रणा असते, तिला बॅरोरिफ्लेक्स म्हणतात, ती मिनिटाला सहाच्या आसपासच्या श्वासाशी छान ताल धरते. ताईंची रात्रीची धडधड आणि आजींचं 'संपेपर्यंत म्हण' हे मला तरी एकमेकांना जोडलेलं दिसतं.

२००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. २३ निरोगी माणसं. त्यांनी लॅटिनमधली रोझरीची, म्हणजे ख्रिस्ती जपमाळेची, प्रार्थना म्हटली आणि 'ॐ मणि पद्मे' हा मंत्रही म्हटला. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ आला आणि बॅरोरिफ्लेक्स सुधारला. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, श्वास एकच. ताई, त्या केरळच्या बाईंना हे सांगता येईल.

'म'ची गोष्ट वेगळी. २००२ साली स्वीडनच्या करोलिन्स्का संस्थेतल्या दोघांनी दाखवलं की ओठ मिटून गुणगुणलं तर नाकातून बाहेर येणारं नायट्रिक ऑक्साइड नुसत्या उच्छ्वासापेक्षा पंधरा पटीनं वाढतं. हा वायू सायनसच्या पोकळ्यांत तयार होतो, गुणगुणण्याच्या थरथरीनं तिथली हवा खेळती होते. यावरून 'ओमनं सायनस बरा होतो' असं कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलं तर पुढे पाठवू नका, तसं त्यात म्हटलेलं नाही.

आता 'आ' की 'ओम'. बंगळूरच्या निमहान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेत २०११ साली एमआरआय मशीनमध्ये लोकांना मोठ्यानं ओम म्हणायला लावलं, आणि तुलनेला तेवढाच वेळ 'स्स्स' असा आवाज. ओमच्या वेळी मेंदूच्या भीती-भावनांशी संबंधित भागांची धावपळ कमी झाली, 'स्स्स'च्या वेळी तशी झाली नाही. पण बाराच जण होते त्यात, तेव्हा एवढ्यावर डोलारा उभा करू नये.

लक्षात घ्या, या तिन्ही ठिकाणी माणसांनी स्वतः आवाज काढला होता. स्पीकर ऐकून मन शांत होत असेल, गाणं ऐकूनही होतं. पण उच्छ्वास लांबतो तो आपण म्हटल्यावर.

माहेर इंदूर

डॉक्टरसाहेब, बरं झालं लिहिलंत. मी जरा दुसरी बाजू सांगते, कोणाच्या उपयोगी पडेल. माझ्या वडिलांना बीपी होतं, इंदूरला एका क्लासमध्ये (नाव नको) त्यांना सांगितलं की जितका लांब तितका चांगला, श्वास कोंडून धरा, मग जोरात ओंकार, चेहरा लाल झाला पाहिजे. चार दिवस बाबा इमानदारीत करत राहिले, पाचव्या दिवशी डोकं असं ठणकलं की घरी आल्यावर आईनं थेट दवाखान्यात नेलं, बीपी खूप चढलेलं. नंतर त्यांनी ओंकार सोडला नाही, पण कोंडणं सोडलं. पलंगावर बसून, बारीक आवाजात, पाच-पाच सेकंदांचे. गोळ्या चालूच होत्या. ताई, तुमच्या बॅचमध्ये वयस्कर असतील तर लांबी मोजायची स्पर्धा होऊ देऊ नका, आपल्याकडे लगेच सुरू होते, तुझा किती माझा किती.

रावपुऱ्यातला डॉक्टर

+१. बीपी असलेल्यांनी श्वास कोंडायचा नाही. भराभर ओंकार केले तर चक्कर येते, आली तर थांबून साधा श्वास घ्यायचा. कान दुखत असताना भ्रामरी (कान बंद करून गुणगुणणं) नको. गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत.

पाठशाळा

उशिरा आलो, पण धागा वाचून राहवलं नाही.

वजनकाटांनी विचारलं ना, अर्थ न कळता म्हणून काय उपयोग, तर पतंजलींचं म्हणणं नेमकं तेच आहे. योगसूत्रांच्या पहिल्या पादात २७वं सूत्र म्हणतं की प्रणव, म्हणजे ओंकार, हा ईश्वराचा वाचक आहे, त्याचं नाव आहे. आणि लगेच २८वं, 'तज्जपस्तदर्थभावनम्'. त्याचा जप आणि त्याच्या अर्थाचं भावन. भावन म्हणजे डिक्शनरीतला अर्थ पाठ करणं नाही हो, तो अर्थ मनात मुरवणं, लोणचं मुरतं तसा. मुरायला वेळ लागतो म्हणून जप, म्हणजे परत परत.

पण मला सगळ्यात जास्त आवडतं ते पुढचं. २९व्या सूत्रात सांगितलंय की यानं अंतराय, म्हणजे अडथळे, जातात. ३०व्यात ते अंतराय मोजले आहेत, नऊ, त्यात व्याधी आहे, संशय आहे, आळस आहे. आणि ३१व्यात सांगितलंय की मन विखुरलेलं असलं की त्याच्या सोबत काय काय येतं, तर दुःख, मनाची खट्टू अवस्था, अंगाची थरथर, आणि शेवटी 'श्वासप्रश्वास', म्हणजे अस्ताव्यस्त चाललेला श्वास. बघा, रात्री तीनला ताईंना जे व्हायचं ते जवळजवळ सगळं या एका ओळीत आहे. मन आणि श्वास एकाच दोरीला बांधलेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून ३४व्या सूत्रात श्वास बाहेर सोडण्याचा उपायही वेगळा दिलाय.

अ-उ-म चा अर्थ मांडूक्य उपनिषदात आहे, अवघे बारा मंत्र. अ म्हणजे जागेपण, उ म्हणजे स्वप्न, म म्हणजे गाढ झोप. आणि चौथं? चौथ्याला मात्राच नाही, म्हणजे आवाजच नाही. म संपल्यावर जी शांतता उरते ती चौथी, आणि ती ओंकाराचाच भाग आहे. तुमच्या आजी 'संपला की गप्प बस' म्हणाल्या ना, त्यांनी उपनिषद वाचलं होतं की नाही देव जाणे, पण त्यांनी ओंकार पुरा शिकवला. स्पीकरवर एकामागे एक एकशे आठ लावले की नेमकी ही चौथी मात्रा कापली जाते. माझा खरा आक्षेप तिथे आहे.

आणि हे सगळं जड वाटत असेल तर आपल्याला ज्ञानोबा आहेत. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात गणपतीच ओंकार केलाय, अकार त्याचे दोन पाय, उकार मोठं पोट, मकार मस्तक. लहान मुलांना ओंकार शिकवताना मी हेच सांगतो, पाय, पोट, डोकं, आणि मुलं बरोबर तिथे तिथे हात लावतात.

'सह नाववतु' राहिलं. त्यातला 'नौ' हा शब्द द्विवचनी आहे. 'आपल्या दोघांचं', म्हणजे शिकवणाऱ्याचं आणि शिकणाऱ्याचं. दोघांचं रक्षण होवो, दोघांचं पोषण होवो, दोघं मिळून जोमानं काम करू, शिकलेलं तेजस्वी होवो, आणि शेवटी 'मा विद्विषावहै', आपण दोघांनी एकमेकांचा द्वेष करू नये. गुरू-शिष्यात कटुता येऊ शकते हे ज्यांनी ओळखलं आणि रोज सकाळी तोंडानं म्हणून टाकायला लावलं त्यांना माझा दंडवत. ताई, बॅचमध्ये दोन गट पडलेत ना, उद्या हा अर्थ सांगा आणि मग म्हणा.

वजनकाटा८२

काका, मनापासून धन्यवाद. सह नाववतु मी शाळेत असताना डब्याआधी घाईघाईत म्हटलंय, चाळीस वर्षांत कुणी अर्थ सांगितला नव्हता. वेळेचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे.

पाठशाळा

वेळ वेगळा काढूच नका. सूर्यनमस्काराला बारा नावं आहेत ना, मित्र, रवी, सूर्य, भानू, खग, पूषा, हिरण्यगर्भ, मरीची, आदित्य, सविता, अर्क, भास्कर. प्रत्येक नमस्काराआधी उभं राहून, ह्रां ह्रीं ह्रूं पासूनची बीजं लावून एकेक नाव मोठ्यानं, एका श्वासात. 'मित्राय नमः' म्हणताना मित्र म्हणजे सगळ्यांचा सखा एवढं मनात आणायचं. बारा नमस्कार झाले, बारा लांब उच्छ्वास झाले, दमही लागला नाही. जुन्या तालमींतही नमस्कार मंत्र म्हणूनच घातले जायचे.

फतेगंज

नमस्कार, मी पहिल्यांदाच लिहितेय. माहेर वसईचं, सासर इथे फतेगंजला, आम्ही कॅथलिक. डॉक्टरांनी रोझरीचं लिहिलं ते वाचून घरी सगळ्यांना वाचून दाखवलं.

आमच्याकडे संध्याकाळी मराठीतच रोझरी होते. दहा-दहाचे पाच गट, अर्धी प्रार्थना एकजण म्हणतो आणि उरलेली अर्धी बाकी सगळे. म्हणजे तो म्हणताना आपण श्वास घेतो, मग आपली पाळी. लहानपणी मला वाटायचं किती वेळ तेच तेच, आणि आजीच्या मांडीवर मी दुसऱ्या गटाच्या आधी झोपलेली असायचे. आता कळतंय का झोप यायची.

त्या बाईंबद्दल माझं ऐका ताई. 'ओम म्हणजे काही धर्माचं नाही' असं त्यांना सांगू नका. ते खरं नाही आणि त्यांनाही ठाऊक आहे की खरं नाही, इथेच वर काकांनी लिहिलंय की ते ईश्वराचं नाव आहे. उलट स्पष्ट सांगा की आमच्यासाठी हे देवाचं नाव आहे, तुमचं तुम्ही मनात घ्या, किंवा ओठ मिटून नुसतं म करा, किंवा शांत बसा, कोणी तुमच्याकडे बघणार नाही. आणि खरंच कोणी बघू नये याची काळजी घ्या. मी एका ठिकाणी योगाला जायचे, तिथे मी गप्प बसले की शिकवणारे डोळे उघडून माझ्याकडेच बघायचे. दोन महिन्यांत सोडलं. गुडघ्यांना आराम पडत होता तरी सोडलं.

ओट्यावरची

फतेगंजताई, तुमचं दोनदा वाचलं. जिन्यात मला हेच सुचायला हवं होतं. उद्याच बोलते त्यांच्याशी.

नर्मदाकाठ

वाचनखूण साठवली. थोडं अवांतर, पण बडोद्याचं आहे म्हणून लिहितो.

श्वास मोजायचा आणि भक्तीही सोडायची नाही, ही परंपरा आपल्या गावाच्या आसपासचीच. स्वामी कुवलयानंद, मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, जन्म डभोईचा, १८८३. इथे माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात तयार झाले, मग नर्मदेकाठी मालसरला माधवदासजी महाराजांकडे योग शिकले. शिकलेलं नुसतं मानून न घेता बडोद्याच्या हॉस्पिटलातच तपासण्या करून पाहिल्या आणि १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. म्हणजे डॉक्टर आणि पाठशाळाकाका या धाग्यावर जे मिळून करतायत ते या मातीत शंभर वर्षांपूर्वी सुरू झालंय.

आणि पाठशाळाकाकांनी चौथ्या मात्रेचं लिहिलं त्यावरून आठवलं, अरविंदबाबू (योगी अरविंद घोष) बडोद्यात आले असताना विष्णू भास्कर लेले नावाच्या आपल्या मराठी योग्याला इथेच भेटले, १९०८च्या सुरुवातीला. मजुमदारांच्या वाड्यात वरच्या खोलीत तीन दिवस दोघं बसले आणि लेल्यांनी त्यांना मन शांत करायला शिकवलं. मी त्या बाजूनं गेलो की मान वर करून बघतोच.

आमच्या घरी जप म्हणजे 'दिगंबरा दिगंबरा श्रीपाद वल्लभ दिगंबरा'. अक्षरं मोजा, बरोबर अठरा. टेंबे स्वामींनी दिलेला, ज्यांची समाधी गरुडेश्वरला आहे, १९१४. आणि गुरुवारी दत्तबावनी, म्हणजे दत्ताचं स्तोत्र, बावन्न ओळी, गुजरातीत. माझी आई पुण्याची, लग्न होऊन आली तेव्हा गुजरातीचा एक शब्द येत नव्हता, आणि तिनं गुजराती शिकली ती दत्तबावनी म्हणून म्हणून. आधी नाद आला, अर्थ मागून आला. वजनकाटादादा, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे हे एवढंच उत्तर आहे. अर्थासाठी थांबू नका, पण अर्थ विचारायचंही थांबवू नका.

खर्जातली

नर्मदाकाठ, काय सुंदर लिहिलंत!

ओट्यावरची

धागा वर काढतेय, तीन आठवडे झाले. काय काय झालं ते सांगते, सगळंच गोड झालं असं नाही.

पहिल्या दिवशी मी सह नाववतुचा अर्थ सांगितला. सांगताना 'द्वेष करू नये' पाशी माझाच आवाज जरा अडकला कारण स्पीकरवाल्या दादांवर मी आठवडाभर मनातून चिडून होते. मग म्हटलं पंधरा दिवस स्पीकरशिवाय करू, नाही पटलं तर परत लावू. दादा काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत.

पहिले दोन दिवस आवाज अगदी चोरटे. कोणी आपला आवाज कोणाला ऐकवायला तयार नाही. तिसऱ्या दिवशी खर्जातलींनी सांगितलेलं केलं, म्हटलं कोणी कोणासाठी थांबायचं नाही, आपापला श्वास, आपापला सूर. आणि काय सांगू तुम्हाला, तेरा जणं होतो, माझा श्वास संपला तेव्हा डावीकडच्या काकांचा चालू होता, त्यांचा संपायच्या आत मागून कोणीतरी धरला, आवाज तुटलाच नाही, पाण्याच्या टाकीवरून परत फिरून यायचा आणि आमच्यातच मिसळायचा. मी तीन मिनिटांनी हात वर केला तसे एकेक थांबत गेले. मग जी शांतता झाली तिच्यात खाली वॉचमन झाडू मारत होता तो एकेक फटकारा ऐकू येत होता. कोणालाच हलावंसं वाटेना. मी पण घाई केली नाही.

केरळच्या बाईंशी बोलले, फतेगंजताईंनी सांगितलं तसंच, शब्द न बदलता. त्या हसल्या, म्हणाल्या मी मनात माझी प्रार्थना म्हणते आणि वरून म करते. आता त्यांचा म सगळ्यांत लांब असतो.

चूक पण झाली. पाचव्या दिवशी एका काकूंना चक्कर आल्यासारखं झालं, त्या भराभर म्हणत होत्या, मधे श्वासाला जागाच देत नव्हत्या, आणि माझं लक्ष नव्हतं. बसवलं, पाणी दिलं, दहा मिनिटांत बऱ्या झाल्या. तेव्हापासून मी आधी दोन मिनिटं नुसता साधा श्वास घ्यायला लावते आणि मोजायचं कोणी नाही हे रोज सांगते. माहेर इंदूर, तुमचे बाबा रोज आठवतात मला.

दोघंजण बॅच सोडून जिमला गेले. वाईट वाटलं. सूर्यनमस्कार नावांसकट सुरू केलेत, पण त्यांना तेवढं थांबायचं नव्हतं.

स्पीकरवाले दादा बारा दिवसांनी आले. मीच खाली जाऊन बोलावून आणलं. स्पीकर घेऊनच आले होते, पण त्यावर आता नुसता तानपुरा, अगदी बारीक, आणि तोही ओंकार सुरू व्हायच्या आधी बंद करतात, स्वतःहून. पहिल्या रांगेत बसतात. त्यांचा खर्ज इतका भरदार आहे हे मला अकरा वर्षांत ठाऊक नव्हतं.

वजनकाटा८२

ताई, वाचून फार बरं वाटलं. मी पण नावांसकट बारा नमस्कार सुरू केलेत, अठरा दिवस झाले, वजन आहे तेवढंच आहे पण ऑफिसात जातानाची चिडचिड कमी झालीये असं बायको म्हणते. एक विचारायचं होतं, तुम्ही रात्री तीनला जाग आल्यावर काय करायचात नक्की? उठून बसायचात का? मला हल्ली होतंय तसं, आणि मोठ्यानं म्हटलं तर मुलं उठतील.

ओट्यावरची

उठायचं नाही. दिवा लावायचा नाही, मोबाइल बघायचा नाही, किती वाजले ते बघायचंच नाही. कुशीवर वळायचं, एक कान उशीत जाईल असं. ओठ मिटलेले, दात सैल, आणि नुसता म, इतका हळू की शेजारी झोपलेल्याला कळणार नाही. उशीत गेलेल्या कानाला तो आतून ऐकू येतो, मोठा. संपला की गप्प. पुढचा श्वास येईस्तोवर वाट बघायची. मी मोजत नव्हते, पण पहिल्या पाच-सहांत धडधड तशीच असते हे सांगून ठेवते, नाहीतर घाबरून सोडून द्याल. आणि आठवडाभरात फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवून घ्या, शुगर बॉर्डरवर आहे ना तुमची.